माहेरी गेलेले साहेब

आमचे साहेब गरोदर राहिले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ही गोष्ट मी सांगायला लागले की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या हातातल्या चहाकडे. म्हणून खुलासा आधीच करून टाकते. ते कागदोपत्री गरोदर होते. त्यांची नोंद माझ्याच संगणकावर, माझ्याच हातांनी आणि त्यांच्या लेखी आदेशावरून झाली होती. त्या आदेशाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. सरकारी नोकरीत कधी काय अंगाशी येईल याचा नेम नसतो.

मी मूळची पालघरची. सिल्वासाच्या आरोग्य कार्यालयात लागले तेव्हा वाटलं होतं, चला, घरापासून फार लांब नाही, काम टेबलावरचं, पंख्याखालचं. पंखा होताही. पण पुढे हे साहेब बदलून आले आणि त्यांनी तो काढून बाहेर रांगेत बसणाऱ्या पेशंटांच्या डोक्यावर लावला. आम्ही घामाघूम होऊन तक्रार केली तेव्हा म्हणाले, "आपण पगार घेऊन घामाघूम होतो. ती माणसं रोजी बुडवून होतात."

साहेब देवगडकडचे. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. ग्रामीण आरोग्याची धोरणं राबवणं हे त्यांचं काम. आता धोरण राबवायचं म्हणजे काय करायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना चांगलं ठाऊक होतं. वरून आलेला कागद खाली पाठवायचा आणि खालून आलेला वर. साहेबांना मात्र कागद कधी नुसता पुढे ढकलता आला नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "बाई, धोरण म्हणजे चप्पल. पायात घालून चालल्याशिवाय ती कुठे चावते ते कळत नाही." आणि मग ते ती चप्पल खरोखरच घालायचे. आमच्याही पायात घालायचे.

पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांचं पत्रक आलं, तेव्हा कार्यालयाच्या पिंपात त्या गोळ्या पडू लागल्या. चहाला असा वास यायचा की घोट घेताना डोळे मिटावे लागत. रमणभाई म्हणजे आमचे शिपाई. जन्म इथलाच, बोलणं अर्धं गुजराती. त्यांनी पहिल्याच दिवशी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, आ चाय नथी, आ तो दवा छे." साहेबांना केवढा आनंद झाला! लगेच पत्रकात दुरुस्ती सुचवली की गोळी टाकल्यावर पाणी काही वेळ उघडं ठेवावं, वास उडतो, नाहीतर लोक पाणी ओतून देतात. ती दुरुस्ती मंजूरही झाली. आमचा चहा मात्र पुढे कितीतरी दिवस तसाच होता, कारण मंजुरी येईपर्यंत जुना नियम पाळायचा, असा साहेबांचा नियम.

मच्छरदाणीच्या वेळी तर कहरच झाला. औषध लावलेल्या मच्छरदाणीत गुदमरायला होतं अशी खेड्यातून तक्रार आली म्हणून साहेब दुपारच्या सुट्टीत ऑफिसातच मच्छरदाणी लावून झोपू लागले. तिची दोन टोकं कपाटाला आणि दोन माझ्या टेबलाला बांधलेली असायची. बाहेरचं कुणी आलं की मी दबक्या आवाजात सांगायची, "साहेब कामात आहेत." आणि समोर जाळीच्या आत साहेब काम घोरत असायचे.

त्यांच्या केबिनमध्ये खुर्च्या नव्हत्या. त्या त्यांनी बाह्यरुग्ण विभागाला देऊन टाकल्या होत्या आणि तिथलं बाकडं इकडे आणलं होतं. त्या बाकड्याचा एक पाय आखूड. भेटायला येणारा कितीही मोठा अधिकारी असो, बोलता बोलता डुलायचा. एकदा एक साहेबांचेही साहेब चिडून म्हणाले, "हे दुरुस्त का करत नाही?" साहेब शांतपणे म्हणाले, "पेशंट बसायचे तेव्हा तीनदा मागणी केली होती. आता आपण बसलात, आता होईल." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सुतार आला.

कुठलंही पत्रक गावाला जाण्याआधी साहेब ते रमणभाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. रमणभाईंची मान हलली तर पत्रक जायचं, नाही हलली तर साहेब भाषा सोपी करून पुन्हा वाचायचे. रमणभाईंची मान बहुतेक वेळा पेंग आल्यामुळे हलायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही माहीत असावं. पण ऐकणाऱ्याला झोप येईपर्यंत वाचलं की वाचणाऱ्याला चुका दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

आता रेखाकडे येते, कारण साहेबांना दिवस राहिले ते तिच्यामुळे.

रेखा साक्रीकडची. नवरा सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका कारखान्यात कामाला, ती कामगारांच्या खोल्यांमध्ये राहायची. सायलीत अशा खोल्या ओळीने आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या बायका धुळे-नंदुरबारकडच्या. एक दिवस तिथली नर्स, आमची सविता सिस्टर, तिला हाताला धरूनच साहेबांसमोर घेऊन आली.

"साहेब, आ बेन ऐकतच नाही," सविता म्हणाली. "मी बोलली, डिलिवरी इथेच कर, मोठा दवाखाना बाजूला आहे. तर बोलते, माहेरी जाणार. मागच्या टायमाला काय झालं ते विसरली."

रेखा विसरलेली नव्हती. मागच्या खेपेला ती अशीच माहेरी गेली होती. तिचा रक्तदाब वाढतो हे सायलीत सविताला माहीत होतं, पण तिच्या माहेरच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. पाय सुजले तेव्हा आईला वाटलं, प्रवासाने सुजले. झटके आल्यावर धावाधाव झाली. रेखा वाचली, पण मूल गेलं. हे सगळं सविता सांगत होती आणि रेखा जमिनीकडे बघत उभी होती. साहेबांनी तिला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "मग आता परत का जायचंय?"

"मनी माय तठे शे, साहेब," ती म्हणाली. "आठे मनं कोन शे?"

तिची आई तिकडे होती आणि इथे तिचं कुणी नव्हतं. नवऱ्याला कारखान्यातली पाळी, शेजारणी कामावर. यावर साहेब थर्मामीटर काढून त्याच्याकडे बघत बसले, अडले की ते असंच करायचे. ती गेल्यावर सविताने रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "काय लिहू? बाई ऐकत नाही?"

"असं नका लिहू," साहेब म्हणाले. "बाईला आईकडे जावंसं वाटणार. ते आपल्या पणजीच्या आधीपासून चालत आलंय, ते पत्रकाने थांबत नाही. बाईला अडवायचं नाही, बाईमागे कागद चालवायचा."

मग त्यांनी वर लिहिलं. मागणी साधी होती. बाई माहेरी निघाली की इथल्या नर्सने तिथल्या नर्सला फोन करायचा, आणि ती पोहोचली की तिथल्या नर्सने घरी जाऊन तिला बघून उलटा फोन करायचा. बस्स. वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं की गरोदर मातांच्या नोंदणीच्या पोर्टलवर स्थलांतराची सोय आधीच आहे, बटण दाबलं की नोंद आपोआप दुसऱ्या गावी जाते, आणि याबाबत आजवर एकही तक्रार आलेली नाही.

साहेबांनी ते उत्तर रमणभाईंना वाचून दाखवलं. रमणभाईंची मान हलली नाही.

"जी तिकडे पोहोचली हेच कुणाला ठाऊक नाही," साहेब म्हणाले, "ती तक्रार कुणाकडे करणार? इथे शेजारी वासोण्याच्या सिंहांच्या सफारीत सिंहीण गाभण राहिली तर चार माणसं तिच्यावर नजर ठेवून असतात. आपली बाई सायलीतून बसमध्ये चढली की संपली." मग मला म्हणाले, "बाई, पोर्टल उघडा. रेखाच्या आधी मी जाऊन येतो."

"कुठे साहेब?"

"माहेरी."

त्या दुपारी झालेली ती नोंद मी जन्मात विसरणार नाही. नाव साहेबांनी स्वतःचंच दिलं. नशिबाने ते असं जुन्या वळणाचं होतं की एखाद्या बाईलाही चाललं असतं. वयाला पोर्टल अडून बसलं, पन्नाशीच्या पुढची गरोदर बाई घ्यायला ते तयारच होईना, तेव्हा साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा वय चोरलं आणि चोरताना चक्क लाजले. पतीच्या नावाच्या रकान्यात त्यांनी बायकोचं नाव घातलं. तारखा अशा धरल्या की ते रेखाच्या दोनेक महिने पुढे राहतील. मग रक्तदाबाचा रकाना आला. साहेब म्हणाले, "इथे खोटं नको." यंत्र मागवलं, दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब बराच जास्त निघाला. तो त्यांना कितीतरी वर्षं होता, पण सांगायचं कुणाला, अधिकारी तेच. मी आकडा भरला आणि साहेबांचं नाव लाल झालं. पोर्टलने त्यांना अतिजोखमीची माता ठरवलं होतं.

त्यानंतर आमच्या कार्यालयात जे दिवस आले ते मी आठवते आणि एकटीच हसते. पोर्टलवरून महिन्याच्या महिन्याला रेकॉर्ड केलेला फोन येतो. एकदा तो भर बैठकीत आला. साहेबांनी सवयीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि एक गोड आवाजाची बाई सगळ्या विभागप्रमुखांसमोर म्हणाली, "नमस्कार ताई! बाळाची हालचाल जाणवते का? जाणवत असेल तर एक दाबा, नसेल तर दोन." सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि दोन दाबलं. त्याबरोबर ती बाई म्हणाली, "घाबरू नका. लगेच जवळच्या दवाखान्यात जा." साहेब उठले, "मला जावं लागेल" म्हणाले आणि खरंच शेजारच्या दवाखान्यात जाऊन रांगेत उभे राहिले. बैठक तिथेच संपली. दवाखान्यात पुरुषांनी प्रसूती विभागाच्या रांगेत थांबू नये अशी पाटी होती. त्यामुळे बायकोसोबत आलेल्या नवऱ्यांना उन्हात उभं राहावं लागतं, हे त्यांच्या त्या दिवशी लक्षात आलं आणि पुढे तिथे मांडव पडला.

लोहाच्या गोळ्याही ते घेत. अर्थात घेण्याआधी डॉक्टरांना विचारून. चार दिवसांनी केबिनमधून बाहेर आले, चेहरा गंभीर. "बाई, शी काळी होते. हे पत्रकात कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "साहेब, जेवायची वेळ झालीय." "बायका गोळ्या परसात का फेकतात ते आज कळलं," ते म्हणाले. "घाबरून फेकतात. आपण सांगितलंच नाही." त्या महिन्यापासून गोळ्यांच्या पुडीवर ते वाक्य आलं. सविता सांगत होती, त्यानंतर तिच्या भागातल्या बायका गोळ्या बऱ्यापैकी घ्यायला लागल्या.

घरी काकू होत्या, म्हणजे साहेबांची बायको. साहेबांबरोबर संसार करून कशाचंही आश्चर्य वाटायचं बंद झालेल्या. मी भीत भीत त्यांना सांगायला गेले तर भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हो, मला नोटीस आलीय. पती म्हणून. जोडीदाराला आनंदी ठेवा म्हणे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "डोहाळे लागले तर तुम्हीच पुरवा हो. माझ्याच्याने नाही व्हायचं."

नववा महिना लागला तसे साहेब रजा टाकून कोकणात निघाले. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, 'माहेरी बाळंतपण, शासकीय चाचणी'. मी पोर्टलवर स्थलांतराचं बटण दाबलं, देवगडकडचं त्यांचं गाव निवडलं. पडद्यावर हिरवं टिकमार्क आलं. सगळं कसं झकास!

गावी त्यांची थोरली बहीण राहते. तिला त्यांनी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खुळावलंस काय रे?" आणि आत जाऊन पेज टाकली. साहेब ओटीवर वाट बघत बसले. रस्त्यावरून कुणी छत्री घेऊन आलं की उठून उभे राहायचे. पोस्टमन आला, मासळीवाली आली, कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं आलं. नर्स आली नाही. रजा संपेपर्यंत कुणीही आलं नाही.

परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. मला वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून खूश असतील. ते म्हणाले, "बाई, ओटीवर बसून एवढीशी पावलं वाजली तरी वाटायचं, आली. मला तर काहीच होत नव्हतं. रेखाला मागच्या वेळी काय वाटलं असेल?" आणि थर्मामीटर काढून त्याच्याकडे बघत बसले. रेखाला तेव्हा सातवा संपत आला होता. खोलीवर ओटी भरून झाली होती आणि नवऱ्याने तिकीट काढलं होतं.

इकडे साहेबांचे दिवस उलटून गेले. पोर्टलला हे सहन होत नाही. दिवस उलटलेली अतिजोखमीची माता म्हणजे सगळ्या प्रदेशाच्या तक्त्यावर एक लाल ठिपका. तो ठिपका रोज सकाळी वरच्या कार्यालयात भिंतीएवढ्या पडद्यावर दिसू लागला. तिकडून विचारणा झाली. साहेबांनी कळवलं, 'लाभार्थी सुखरूप, सोबत स्वाक्षरी.' मग चौकशी अधिकारीच आले. हातात फाईल, चेहऱ्यावर आता नोकरीच खातो असा भाव. बाकड्यावर बसले.

"आपण पुरुष आहात," ते म्हणाले.

"हो. पोर्टलने ते विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"हा शासकीय प्रणालीचा गैरवापर आहे. तुमच्यावर काय कारवाई करायची ते मी नंतर बघतो. आधी तो ठिपका घालवा. बाई," हे मला, "प्रसूती झाली असं दाखवा."

मी म्हटलं, "सर, मग बाळाची नोंद उघडते. त्याचं वजन लागेल. लसीकरण लागेल, ते पुढे कितीतरी वर्षं."

"मग गर्भपात दाखवा."

"कारण लिहावं लागतं. अतिजोखमीची माता असल्यामुळे चौकशी लागते."

चौकशी अधिकारी थोडे चरफडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मृत्यू?"

आता साहेब बोलले. "चालेल. पण मातामृत्यू झाला की समिती घरी येते. आमच्या हिला विचारतील, ह्या कशा गेल्या, शेवटी काय म्हणाल्या. ही फार खरं बोलते."

"मग स्थलांतर! माहेरी गेली म्हणून दाखवा आणि मोकळे व्हा."

"तेच तर केलंय," साहेब म्हणाले. "बटण दाबलं, टिकमार्क आलं. तिकडे बसून आलो. पण तिकडच्या माणसाने स्वीकारल्याशिवाय नोंद इथून हलत नाही आणि तिकडच्या माणसाला ती आलीय हेच माहीत नाही. म्हणून तर लाल आहे."

चौकशी अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. पंखा नव्हताच. मग त्यांनी स्वतः माझ्याकडून देवगडकडच्या उपकेंद्राचा नंबर घेतला आणि फोन लावला. तिकडे नर्स होती. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "अहो सर, माझ्या पोर्टलवर तीन गावांची नावं येऊन पडतात, मी बघू कधी? बाई येतेय असा एक फोन केला असतात तर मी त्याच दिवशी घरी गेले असते."

साहेबांनी खिसा चाचपला आणि आपलं जुनं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. निघाल्यावर एक फोन, पोहोचल्यावर एक फोन. चौकशी अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

माणूस वाईट नव्हता. ठिपका घालवायला आला होता आणि ठिपका घालवण्याचा हा एकच मार्ग होता. आठवड्याभरात वरून आदेश आला. आता प्रत्येक माहेरवाशिणीसाठी दोन्ही बाजूंच्या नर्सनी फोन करायचा. आदेशात सुरुवातीला म्हटलं होतं, 'एका लाभार्थी महिलेस आलेल्या अनुभवावरून'. साहेबांवरची कारवाई एका सक्त ताकिदीवर निभावली. ताकीद अशी होती की त्यांनी यापुढे गरोदर राहू नये.

आदेश आला, पण रेखाचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं आणि साहेबांचा आदेशावर विश्वास बसेना. चप्पल घालून बघायची राहिली होती. सविताने नव्या नियमाप्रमाणे पहिला फोन देवगडला केला, साहेबांच्या नावाचा, आणि साहेब पुन्हा रजा टाकून निघाले. काकू स्टेशनवर पोहोचवायला वापीला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "दुसऱ्यांदा माहेरी. गावात वाटेल, सासरी जाच आहे."

साहेब पहाटे पोहोचले. सकाळी बनियनवर ओटीवर बसून बहिणीला नारळ किसून देत होते. फाटकापाशी सायकल थांबली. नर्स आली, वही काढली आणि विचारलं, "ताई कुठायत?"

"मीच," साहेब म्हणाले.

तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग हातातल्या नारळाकडे बघितलं. सरकारी नोकरीत मुरलेली बाई असणार. काही न बोलता पिशवीतून यंत्र काढलं आणि म्हणाली, "हात द्या. मला प्रेशर बघायला सांगितलंय."

साहेबांनी मला तिथूनच फोन केला. दंडाला पट्टा तसाच होता म्हणे. "बाई, आली! आली हो!" एवढंच म्हणाले आणि रडू लागले. इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण त्यांना रडताना मी प्रथमच ऐकत होते, आणि खरं सांगते, मलाही रडू आलं. रमणभाईंनी विचारलं, "शुं थयुं?" मी म्हटलं, "काही नाही. नर्स आली."

त्याच आठवड्यात रेखा गेली. सविताने फोन केला, तिकडच्या नर्सने घेतला. साहेब त्या दिवसांत फोन खिशात ठेवत नव्हते, हातात धरूनच हिंडत. बैठकीत असताना एकदा वाजला. सगळ्यांना वाटलं, आता ती गोड आवाजाची बाई ताई म्हणणार. पण साक्रीकडची नर्स होती. "तुमची बाई माहेरी आलीय. आजच जाऊन आले. पाय सुजलेत आणि प्रेशर वर आहे. आई म्हणतेय, प्रवासानं सुजलेत. मी गाडी बोलावलीय, हलवतेय धुळ्याला."

त्यानंतरची वाट बघणं मी लिहीत नाही. साहेबांनी त्या दिवशी पत्रकं वाचली नाहीत, झोपले नाहीत, जेवलेही नसावेत. पुढच्या दिवशी फोन आला, मुलगी झाली. वजन कमी आहे, पण रडतेय जोरात. रेखाही बरी आहे.

साहेबांनी रमणभाईंना पेढे आणायला पाठवलं. रमणभाईंनी दुकानात काय सांगितलं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आरोग्याच्या साहेबांना मुलगी झाली. तीन जण भेटायला आले आणि एकाने झबलंही आणलं. साहेबांनी ते घेतलं आणि रेखा परत आली तेव्हा तिच्या लेकीला घातलं. मुलगी त्यांच्या मांडीवर बसून थर्मामीटर ओढत होती. रेखा हसत होती.

निवृत्त झाल्यावर साहेब आणि काकू देवगडकडच्या त्या घरी कायमचे राहायला गेले. नोंद तिकडे स्वीकारली गेली होती, पण बंद करायला कुणालाच कारण सापडेना. प्रसूती नाही, गर्भपात नाही, आणि मृत्यू दाखवायला काकू तयार नाहीत. त्यामुळे ती नर्स महिन्याला एकदा सायकलवरून यायची, चहा प्यायची, साहेबांच्या दंडाला पट्टा बांधायची आणि अतिजोखमीची माता म्हणून आकडा भरून जायची. साहेब औषधं विसरायचे. ती विसरू द्यायची नाही.

गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा सरळ होता, पण मध्ये मध्ये थांबत होता. नर्स ठरल्याप्रमाणे आली होती. साहेब ओटीवर बसलेले, म्हणत होते, थोडं डोकं दुखतंय, ऊन लागलं असेल. तिने पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला, आणि चहा न पिता गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, थोडा जरी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

मग साहेबांनी फोन घेतला. आवाज बारीक झाला होता. "बाई, गाडी अगदी वेळेत आली," म्हणाले. "बाळंतिणींच्या गाडीतून नेलं मला. आत एक हुक सैल आहे, सलाईनची बाटली हलते. वर कळवायला हवं." मी कागदावर टिपून घेत म्हटलं, "कळवते साहेब." "आणि ऐका," ते म्हणाले, "कुणी कितीही सांगितलं तरी ती नोंद बंद करू नका."

मी केलेली नाही. आता केबिनमध्ये नवे साहेब आहेत, पंखा आहे, मऊ खुर्च्या आहेत. दर महिन्याच्या बैठकीत ते माहेरी गेलेल्या मातांची यादी उघडतात, पहिल्याच नावापाशी अडतात आणि मला विचारतात, "ही बाई कोण? इतकी वर्षं झाली, अजून मोकळी कशी नाही झाली?"

मी सांगते, "त्या माहेरी आहेत, सर. तिकडे त्यांना नीट बघतात."